पंच्याहत्तर सालाचा हिशेब



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत भांडण झालं. हप्त्यावरून नाही, कर्जावरून नाही. भांडण झालं ते पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सालावरून. एक आजी म्हणाल्या, "आणीबाणीत बरं होतं. सावकार गप्प बसला होता, कचेरीत साहेब वेळेवर येत होता." दुसऱ्या आजी लगेच उसळल्या, "काय बरं होतं? गावात जीप आली की आमची माणसं रानात पळायची. तोंड उघडायची सोय नव्हती." दोघी एकाच गावच्या, एकाच वयाच्या. दोघीही खोटं बोलणाऱ्या नाहीत. मग खरं काय? आम्ही ठरवलं की 1975 हे एकच साल घ्यायचं आणि गटाच्या वहीत मांडतो तसं मांडायचं. जमा एका बाजूला, खर्च दुसऱ्या बाजूला. आजचं भाषण म्हणजे तो हिशेब.

आपल्या आज्या साल आकड्यानं सांगत नाहीत. त्या म्हणतात, दुष्काळाचं साल, थोरल्याच्या जन्माचं साल. तसं बघितलं तर 1975 म्हणजे बहात्तरच्या दुष्काळानंतरचं तिसरं साल. खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगलेल्या बाया अजून त्याच थकव्यात होत्या. दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली होती. ती पुढेही चालवायची तर पैसा हवा, म्हणून महाराष्ट्र सरकारनं 1975 मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे आणि गावातल्या मजुराला काम द्यायचं, असा तो विचार. आजही पगाराच्या चिठ्ठीवर हा कर दिसतो. तो सुरू झाला तो आपल्या हातातल्या घमेल्यासाठी, हे फार थोड्यांना माहीत असतं. ही वहीतली पहिली जमा.

हे साल जगानं आपल्या नावावर केलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी 1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलं. आपल्या देशात स्त्रियांची खरी स्थिती काय आहे हे तपासायला सरकारनं एक समिती नेमली होती. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या. समितीचा अहवाल 1975 च्या तोंडावरच सरकारच्या हातात पडला. त्यातला एक आकडा ऐका. 1901 साली दर हजार पुरुषांमागे 972 स्त्रिया होत्या. 1971 साली उरल्या 930. म्हणजे देश स्वतंत्र झाला, धरणं झाली, कारखाने आले, आणि बाया मात्र कमी झाल्या. मुलीच्या आजारपणात दवाखाना लांब पडतो, बाळंतपणात जीव जातो, ताटात शेवटी उरेल ते बाईनं खायचं. हे आपल्याला घरात ठाऊक होतंच. ते पहिल्यांदा सरकारी कागदावर एवढ्या स्पष्टपणे आलं.

वर्षाची सुरुवात खेळानं गाजली. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंचवीस वर्षांखालच्या मुलींचा क्रिकेट संघ भारतात आला. आपल्या मुलींशी त्यांचे तीन सामने झाले, पुण्यात, दिल्लीत आणि कलकत्त्यात. महिला क्रिकेटची संघटना स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. परदेशी संघासमोर आपल्या मुली पहिल्यांदाच उभ्या राहत होत्या. पुढच्या वर्षी वेस्ट इंडीजच्या मुली आल्या आणि शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली आपण पहिली अधिकृत कसोटी खेळलो. 2025 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या पोरींनी विश्वचषक उचलला, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर आरडाओरडा केला. त्या विजयाच्या मुळाशी पंच्याहत्तर सालच्या त्या मुलीही आहेत. त्यांची नावं मात्र आपल्याला कुणी पाठ करायला लावली नाहीत.

मार्च महिन्यात हॉकीचा विश्वचषक मलेशियात क्वालालंपूरला झाला. उपांत्य सामन्यात यजमान मलेशियाविरुद्ध आपण मागे पडलो होतो. अस्लम शेर खान नावाचा तरुण अगदी शेवटी मैदानात उतरला, त्यानं बरोबरी साधली आणि जादा वेळेत आपण 3-2 नं जिंकलो. 15 मार्चला अंतिम सामन्यात समोर पाकिस्तान. सुरजित सिंग आणि अशोक कुमार यांच्या गोलांवर आपण 2-1 नं जिंकलो. अशोक कुमार म्हणजे ध्यानचंद यांचे चिरंजीव. कर्णधार होते अजितपाल सिंग. गावात टीव्ही कुठला? हा सामना लोकांनी जसदेव सिंग यांच्या आवाजात ऐकला. रेडिओही घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे असेल त्याला पोस्टात परवाना काढावा लागे. एका रेडिओभोवती अख्खी आळी बसायची. त्यानंतर आजवर आपल्या पुरुष संघानं हॉकीचा विश्वचषक पुन्हा जिंकलेला नाही.

क्रिकेटचं पहिलं पुरुष विश्वचषक सामनेही त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडात झाले. पहिल्याच सामन्यात इंग्लंडनं साठ षटकांत 334 धावा केल्या. आपले सुनील गावसकर सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळले आणि 174 चेंडूंत 36 धावा करून नाबाद परतले. ते असं का खेळले यावर पारावर आजही वाद घालता येतो. हा सामना झाला 7 जूनला. पाच दिवसांनी देशाला क्रिकेटचा विसर पडावा असं काही घडलं.

12 जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयात न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी निकाल दिला. 1971 च्या निवडणुकीत पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीतून निवडून आल्या होत्या. हरलेले उमेदवार राजनारायण कोर्टात गेले होते. प्रचारासाठी सरकारी माणसं आणि यंत्रणा वापरल्याचं न्यायमूर्तींनी मान्य केलं, निवडणूक रद्द ठरवली आणि सहा वर्षं निवडणूक लढवायला बंदी घातली. मैत्रिणींनो, थोडं थांबून विचार करा. देशातल्या सगळ्यात ताकदवान बाईला एका न्यायाधीशानं साध्या माणसासारखं उभं केलं. लोकशाहीत असं होऊ शकतं, हीही त्या वर्षाची जमाच आहे.

सर्वोच्च न्यायालयानं निकालाला अटी घालून स्थगिती दिली. राजीनाम्याची मागणी वाढली. 25 जूनला दिल्लीत जयप्रकाश नारायण यांची मोठी सभा झाली. त्याच रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या कागदावर सही केली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. पहाट होण्याआधी विरोधी नेत्यांना घरातून उचललं. मंत्रिमंडळाला विचारलं ते सकाळी, सही झाल्यावर. आणि 26 जूनला सकाळी देशाला हे कळलं रेडिओवरून, पंतप्रधानांच्या स्वतःच्या आवाजात.

रेडिओचं काम करणाऱ्या आम्हा बायांना ही गोष्ट फार लागते. मार्चमध्ये ज्या रेडिओनं हॉकीचा आनंद घराघरात नेला, तोच रेडिओ जूननंतर एकच बाजू सांगू लागला. आकाशवाणी सरकारची. वर्तमानपत्राची ओळन् ओळ तपासून मगच छापायची. कोण तुरुंगात आहे, कुठं गोळीबार झाला, हे सांगायची सोय नाही. काही लोक रात्री दार लावून, आवाज बारीक करून बीबीसी ऐकत. आपल्या देशाची बातमी आपण परदेशी केंद्रावर चोरून ऐकायची, अशी ती वेळ.

नेमके तेच दिवस मेक्सिको शहरात जगातल्या स्त्रियांची पहिली मोठी परिषद भरली होती. 19 जूनपासून 2 जुलैपर्यंत. स्त्रियांनी बोलावं, मागावं, पुढं यावं असे ठराव तिथं होत होते. आणि ती परिषद चालू असतानाच इकडं बोलण्यावर कुलूप पडलं.

आता आमच्या पहिल्या आजींची बाजू घेऊ. कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. 1 जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात कर्जमुक्तीचा कायदा लागू झाला. अल्पभूधारक शेतकरी, मजूर, गावातले कारागीर यांची सावकाराकडची कर्जं माफ झाली आणि गहाण टाकलेल्या वस्तू परत करायच्या असं ठरलं. गहाण काय असतं ते आपल्याला सांगायला नको. डोरलं, पाटल्या, तांब्याचा हंडा. ज्या घरात मोडलेलं डोरलं परत आलं, त्या घरातली बाई ते साल वाईट कसं म्हणेल? ऑक्टोबरमध्ये वेठबिगारी बंद करणारा अध्यादेश निघाला. पिढ्यान् पिढ्या एका कर्जापायी मालकाच्या घरी राबणाऱ्यांना कागदावर सुटका मिळाली. 2 ऑक्टोबरला देशात पहिल्या पाच ग्रामीण बँका उघडल्या. आपल्याकडे त्या नंतर आल्या, पण बँक गावाकडे यावी ही वाट तिथून निघाली. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी याच वर्षी एकत्र केलं आणि बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. आपल्या बचत गटांची ती थोरली बहीण समजा.

आणखी दोन गोष्टी एका आठवड्याच्या आत घडल्या, त्या आपल्या सगळ्यांत जवळच्या. 26 सप्टेंबरला समान वेतनाचा अध्यादेश निघाला. सारख्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी द्यायची. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. आणि 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, देशभरात 33 ठिकाणी. म्हणजे आपली अंगणवाडी. लेकरांना आहार, लसीकरण, गरोदर बाईची तपासणी हे सगळं एका छपराखाली आलं. पन्नास वर्षांत या अंगणवाडीनं किती लेकरं जगवली, त्याचे उपकार मानावे तेवढे थोडे.

पण वहीतली ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बघा. एका पानावर लिहिलंय, सारख्या कामाला सारखी मजुरी. दुसऱ्या पानावर लाखो बायांचं काम उभं राहिलं, पण त्या बायांना कामगार म्हटलं नाही, त्यांच्या पैशाला पगार म्हटलं नाही. म्हटलं मानधन. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस आजही त्या एका शब्दाविरुद्ध मोर्चे काढतात. आणि समान वेतनाचं म्हणाल तर खुरपणीला गेलेल्या बाईचा रोज आणि गड्याचा रोज आजही गावोगाव वेगळा आहे. कायदा झाला, तरी बांधावर पोचला नाही.

का पोचला नाही? इथं आमच्या दुसऱ्या आजींचं ऐकावं लागतं. कायदा आपोआप बांधापर्यंत येत नाही. त्याला ओढून आणावं लागतं. मोर्चा काढावा लागतो, अर्ज द्यावा लागतो, पेपरात छापून आणावं लागतं, कोर्टात जावं लागतं. आणि पंच्याहत्तर साली नेमके हेच रस्ते बंद होते.

मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन हजारो बाया रस्त्यावर उतरल्या होत्या, ते फार जुनं नव्हतं, दोन-तीन वर्षांपूर्वीचंच. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या त्यांच्या पुढाऱ्या. तेल, साखर, रॉकेल रास्त भावात मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. गोरेगावच्या वस्त्यांत पाणी आणलं म्हणून मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणत. महिला वर्षात या बायांचं काय झालं? अहिल्याताई आणि प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. प्रमिलाताईंचे पती मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. नवरा एका राज्यात कैद, बायको दुसऱ्या. मृणालताई सहा महिने भूमिगत राहून काम करत होत्या, त्या डिसेंबरात पकडल्या गेल्या. देशभरात आणीबाणीच्या काळात लाखाहून जास्त माणसांना असं डांबलं गेलं. त्यांतल्या कित्येकांवर धड खटलाही चालला नाही.

तरी सगळं गप्प झालं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. ऑक्टोबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली. शहरातल्या शिकलेल्या मुलींबरोबर शेतमजूर, कष्टकरी बायाही तिथं आल्या. महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीच्या पुढच्या कितीतरी वाटा त्या वर्षातून फुटल्या.

आणि डिसेंबरमध्ये कराडला मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. त्या आधी एकच स्त्री या पदावर बसली होती, 1961 साली कुसुमावती देशपांडे. दुर्गाबाईंनी लोककथा, लोकगीतं, व्रतं यांचा आयुष्यभर अभ्यास केला. म्हणजे आपल्या आज्यांच्या तोंडचं जे साहित्य, ते त्यांनी विद्वानांच्या सभेत नेलं. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मोठे मंत्री. अशा सभेत दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याबद्दल उघड बोलायचं धाडस केलं. जयप्रकाश तेव्हा गंभीर आजारी होते. त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या, असं त्यांनी सभेला सांगितलं. आज हे वाचताना साधं वाटतं. तेव्हा त्या माणसाचं नाव घेणंही धोक्याचं होतं. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली.

सिनेमाचं काय, असं तुम्ही विचारालच. 15 ऑगस्टला 'शोले' लागला. गब्बरचे संवाद पोरासोरांच्या तोंडी बसले. मराठीत दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला आणि लोक पोट धरून हसले. पण बायांचा सिनेमा होता 'जय संतोषी माँ'. थोड्या पैशांत केलेला, मोठे नट नसलेला. सासरचा छळ सोसणारी सून आणि तिला सांभाळणारी देवी, एवढीच गोष्ट. बाया बैलगाडीनं, पायी सिनेमाला गेल्या. थिएटरच्या दारात चपला काढल्या, पडद्यावर देवी आली की फुलं आणि नाणी उधळली. शुक्रवार धरायचा, गूळ-चणे वाटायचे, आंबट खायचं नाही, हे व्रत घराघरात गेलं. शहाणी माणसं हसली. आम्हाला मात्र वाटतं, जिचं ऐकायला कोर्ट नाही, कचेरी नाही, पेपर नाही, ती बाई आपलं गाऱ्हाणं कुठं नेणार? तिनं ते पडद्यावरच्या देवीपुढं ठेवलं.

वर्षाचा शेवट दुःखाचा झाला. 27 डिसेंबरला धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास खाणकामगार आत अडकून गेले. तेवढ्या घरांतल्या बायांसाठी 1975 म्हणजे तोच एक दिवस राहिला.

आता बेरीज करू. जमेच्या बाजूला रोजगार हमीचा पैसा, कर्जमुक्ती, वेठबिगारीतून सुटका, अंगणवाडी, समान वेतनाचा कागद. खर्चाच्या बाजूला एकच ओळ. बोलायचा हक्क. एकच ओळ आहे म्हणून ती लहान समजू नका. पुढच्या वर्षी नसबंदीची मोहीम सुरू झाली. आकडे पुरे करायचे म्हणून माणसं धरून नेली, तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या आजींना आठवते ती जीप हीच. पहिल्या आजींचं डोरलं परत आलं, तेही खरं. पण ज्याला कुणी प्रश्न विचारू शकत नाही, तो आज डोरलं परत देईल आणि उद्या जीप पाठवेल. दोन्ही त्याच्या मर्जीवर. 1977 च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, लोकांनी गुपचूप मतपेटीत आपला निकाल टाकला आणि आणीबाणी उठली. त्याच निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई तुरुंगातून थेट लोकसभेत गेल्या.

रेडिओचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयानं एका क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, एकट्या सरकारची नाही. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी तो निकाल लिहिला. त्या वाटेनं पुढं 2006 साली गावच्या संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी मिळाली. म्हणून आज आमचा आवाज तुमच्या चुलीपर्यंत येतो. तरीही आमच्यासारख्या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला आजही मुभा नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, तेवढंच. गावच्या पाण्याची, रेशनची, रस्त्याची गोष्ट आम्ही चर्चा म्हणून करतो, मुलाखत म्हणून करतो. बातमी म्हणता येत नाही.

मैत्रिणींनो, हे भाषण तुमच्या गटात वाचाल तेव्हा एक काम करा. सत्तरीच्या पुढच्या बायांना मध्ये बसवा आणि विचारा, पंच्याहत्तर साली तुमच्या घरात काय झालं? रेडिओ कुणाकडे होता? गहाण वस्तू परत आली का? जीप आली का? रोज किती मिळायचा, आणि गड्याला किती? जे सांगतील ते वहीत उतरवा. दोघींचं पटलं नाही तर दोन्ही लिहा. आमच्या त्या दोन आज्यांचं अजूनही पटलेलं नाही, पण आता त्या एकमेकींना खोटं म्हणत नाहीत. पुढच्या बैठकीला दोघी शेजारी बसल्या होत्या.